मोटारीचा सुटा भाग : अस्सल, पर्यायी आणि नकली

मोटार बिघडली म्हणजे मालकाला दोन निर्णय करावे लागतात. ती कोणाच्या हातीं सोंपवावयाची हा पहिला, आणि तींत कोणता भाग बसवावयाचा हा दुसरा. पहिल्या निर्णयाला मनुष्य पुष्कळ वेळ देतो. तो शेजाऱ्यांना विचारतो, कचेरींतील स्नेह्यांचा सल्ला घेतो, दोन गॅरेजें स्वतः पाहून येतो. दुसरा निर्णय मात्र बहुधा टेलिफोनवर अर्ध्या मिनिटांत उरकतो. "साहेब, ओरिजिनल टाकूं कीं लोकल?" असा मिस्त्रीचा प्रश्न येतो, दोहोंच्या किंमती सांगितल्या जातात, आणि त्या दिवशीं खिशाची जी स्थिति असेल तिच्याप्रमाणें उत्तर दिलें जातें. ज्याला पैसे वांचवावयाचे असतात तो 'लोकल' म्हणतो. ज्याला धोका नको असतो तो 'ओरिजिनल' म्हणतो. आपण कशांतून काय निवडलें हें बहुधा दोघांनाहि ठाऊक नसतें.

याचें कारण असें कीं, बाजारांतील हे शब्दच मोघम आहेत. 'ओरिजिनल', 'लोकल' आणि 'डुप्लिकेट' या तीन शब्दांवर सारा व्यवहार चालतो. वस्तुतः सुट्या भागांचे प्रकार तीन नसून निदान पांच आहेत, आणि त्यांतील जो प्रकार सर्वांत फायद्याचा व जो सर्वांत घातक, ते दोन्हीहि पुष्कळदां 'लोकल' या एकाच नांवाखालीं विकले जातात. म्हणून प्रथम या प्रकारांची ओळख करून घेणें अवश्य आहे. आणि त्यासाठीं सुटा भाग ही वस्तु मुळांत कशी जन्मास आली, हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे.

मोटारीच्या आरंभींच्या काळांत कारागीर प्रत्येक गाडीचे भाग कानशीनें घांसून एकमेकांशीं जुळवीत असत. एका गाडीचा पिस्टन तिच्याच जातीच्या दुसऱ्या गाडींत बसेल अशी शाश्वती नव्हती. १९०८ सालीं इंग्लंडांत ब्रुकलंड्स येथील शर्यतीच्या मैदानावर रॉयल ऑटोमोबाइल क्लबनें एक कसोटी घेतली. अमेरिकेंतील कॅडिलॅक कंपनीच्या तीन मोटारी पूर्णपणें खोलण्यांत आल्या, त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यांत आले, त्यांतील ८९ भाग बाजूस काढून त्यांच्या जागीं कोठारांतील नवे भाग ठेवण्यांत आले, आणि त्या ढिगांतून पुन्हां तीन मोटारी उभ्या करण्यांत आल्या. नंतर त्या तिन्ही ५०० मैल धांवल्या. या कसोटीबद्दल त्या कंपनीला ड्यूअर पारितोषिक मिळालें. त्या दिवसांपासून मोटारीचा भाग तो घडविणाऱ्या हातावरून ओळखला जाण्याऐवजीं मापावरून ओळखला जाऊं लागला. आणि जो भाग मापानें ठरतो, तो त्या मापाप्रमाणें दुसरा कोणीहि घडवूं शकतो. आजचा सगळा प्रश्न या एका गोष्टींतून निघालेला आहे.

मोटारीच्या नाकावर ज्या कंपनीचें नांव झळकत असतें, ती कंपनी त्या मोटारींतील बहुतेक भाग स्वतः बनवीत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांना आश्चर्याची वाटेल. ती आराखडा तयार करते, पत्र्याचा सांगाडा उभारते, बहुधा एंजिनाची जुळणी करते, आणि बाकीचे भाग निरनिराळ्या कारखान्यांकडून घेते. बॅटरी एकाची, टायर दुसऱ्याचे, काचा तिसऱ्याच्या, ब्रेक चौथ्याचे. महाराष्ट्रांतील वाचकांस याचीं उदाहरणें दूर शोधावयास नकोत. पुण्याजवळच्या मुंढव्याची भारत फोर्ज कंपनी क्रँकशाफ्टसारखे घडीव लोखंडी भाग देशोदेशींच्या मोटार-कारखान्यांना पुरविते. नाशिकच्या बॉश कारखान्यांत डिझेल एंजिनाचे इंजेक्टर तयार होतात. गेब्रिएल कंपनीचे शॉक-अॅब्सॉर्बर चाकणला बनतात.

अशा पुरवठादार कारखान्यांतून निघालेल्या मालाला तीन वाटा असतात. कांहीं माल मोटार-कंपनीच्या जुळणीच्या रांगेवर जातो. कांहीं माल त्याच मोटार-कंपनीच्या छापील पेटींत भरला जाऊन तिच्या अधिकृत दुकानांत पोंचतो. आणि कांहीं माल पुरवठादाराच्या स्वतःच्या पेटींत, त्याच्या स्वतःच्या नांवानें, खुल्या बाजारांत येतो. शेवटच्या दोहोंच्या किंमतींत फरक असतो, तो बव्हंशीं पेटीचा, गोदामाचा, कंपनीच्या नफ्याचा आणि तिनें स्वीकारलेल्या जबाबदारीचा असतो. मात्र एकाच कारखान्याचा प्रत्येक माल एकाच प्रतीचा असतो असेंहि समजूं नये. कांहीं कारखाने बाजारासाठीं निराळी, हलकी प्रतहि काढतात. यासाठीं केवळ कारखान्याचें नांव पुरेसें नाहीं. आपल्या मोटारीच्या नेमक्या प्रकाराला तो भाग लागू आहे कीं नाहीं, हें भाग-क्रमांकावरून ताडून पाहावें लागतें.

आतां ते पांच प्रकार सांगतां येतील. पहिला, मोटार-कंपनीच्या पेटींतील भाग. यावर तिचें नांव, तिचा क्रमांक व तिची हमी असते. दुसरा, पुरवठादाराच्या पेटींतील भाग. ज्या कारखान्यानें मूळ मोटारीला माल दिला, त्यानेंच तो स्वतःच्या नांवानें विकावयास काढलेला असतो. तिसरा, स्वतंत्र कारखान्याचा पर्यायी भाग. या कारखान्याचा मूळ मोटारीशीं कांहीं संबंध नसतो, त्यानें मूळ भाग मोजून, पारखून, आपल्या नांवावर तसा भाग बनविलेला असतो. चौथा, वापरलेला भाग; हा मोडींत निघालेल्या गाडीचा असतो, किंवा त्यांतील झिजलेले तुकडे बदलून तो पुन्हां कामाजोगा केलेला असतो. आणि पांचवा, नकली भाग. हा दुसऱ्याचें नांव, दुसऱ्याची पेटी आणि दुसऱ्याची खूण चोरून विकला जातो.

तिसरा आणि पांचवा हे दोन प्रकार एक समजणें ही या विषयांतील सर्वांत मोठी चूक होय. स्वतंत्र पर्यायी भाग बनविणारा आपलें नांव पेटीवर छापतो. माल वाईट निघाला तर त्याचेंच नांव जातें. नकली भाग बनविणाऱ्याला गमावण्यासारखें नांवच नसतें. त्याचें सारें लक्ष पेटी हुबेहूब दिसावी एवढ्यावर असतें, आंत काय भरलें याची चिंता त्याला नसते. पर्यायी भाग विकणें हा व्यापार आहे. खोटी खूण लावून भाग विकणें हा भारतांत १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखालीं गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड अशी शिक्षा सांगितलेली आहे.

दुसऱ्या कोणी आपल्या मोटारीचे भाग बनवूं नयेत, असा प्रयत्न मोटार-कंपन्यांनीं अनेक वेळां केला आहे. इंग्लंडांत ब्रिटिश लेलँड कंपनीनें आपल्या मोटारीच्या सायलेन्सरच्या नळ्यांबाबत असा दावा लावला होता. ही नळी गंजून कुजते आणि मोटारीच्या आयुष्यांत ती अनेकदां बदलावी लागते. आर्मस्ट्राँग नांवाच्या कारखान्यानें तिच्या मापाच्या नळ्या बनविल्या, तेव्हां नळीच्या नकाशावर आमचा हक्क आहे, सबब आम्हांस मोबदला द्यावा, असें लेलँडचें म्हणणें पडलें. १९८६ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें बहुमतानें निकाल दिला तो आर्मस्ट्राँगच्या बाजूनें. त्याचा आशय असा कीं, ज्यानें मोटार विकली त्यानें ती रास्त खर्चांत दुरुस्त करून घेण्याचा मालकाचा हक्क नकाशाच्या आडून हिरावून घेऊं नये.

भारतांत हाच प्रश्न स्पर्धा आयोगापुढें आला. अस्सल सुटे भाग खुल्या बाजारांत मिळूं न देणें, आणि स्वतंत्र गॅरेजांना भाग, अवजारें व माहिती यांपासून वंचित ठेवणें, याबद्दल आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं चौदा मोटार-कंपन्यांना दोषी ठरवून एकूण सुमारें २,५४४ कोटि रुपये दंड ठोठावला. दंडाच्या रकमेबद्दल पुढें अपिलें झालीं. परंतु त्या हुकुमांतील दोन सूत्रें मोटार-मालकानें लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत. मूळ पुरवठादारांना खुल्या बाजारांत माल विकण्यास मज्जाव करूं नये, हें एक. आणि स्वतंत्र गॅरेजांत काम करून घेतलें एवढ्याच कारणासाठीं सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालूं नये, हें दुसरें. अमेरिकेंत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानें याच स्वरूपाचें संरक्षण ग्राहकांना पूर्वींच दिलें होतें.

तथापि यावरून वॉरंटीच्या मुदतींत वाटेल तो भाग बसवावा असा अर्थ काढूं नये. बाहेरून बसविलेला भागच बिघडला, किंवा त्याच्यामुळें दुसरा भाग बिघडला, तर त्या नुकसानीची जबाबदारी मोटार-कंपनी घेणार नाहीं, आणि तें रास्तहि आहे. शिवाय दोष कोणाचा हें सिद्ध करण्याच्या खटाटोपांत मोटार कित्येक आठवडे अडकून पडते. सबब वॉरंटी चालू असेतों एंजिन, गिअर, स्टिअरिंग व विजेची यंत्रणा यांच्याशीं संबंध असलेला भाग कंपनीचाच घ्यावा, आणि तेल बदलल्याची पावतीसुद्धां जपून ठेवावी. निवडीचा खरा प्रश्न वॉरंटी संपल्यावर उभा राहतो.

त्या वेळीं प्रत्येक भागाला तीन प्रश्न लावावे. ऐन वेळीं हा भाग निकामी झाला तर माणसाच्या जिवावर बेतेल काय? हा भाग बिघडला तर तो आपल्याबरोबर दुसरा महाग भाग बुडवील काय? आणि हा भाग पुन्हां काढून बसविण्याची मजुरी भागाच्या किंमतीहून जास्त आहे काय? तिन्ही प्रश्नांचें उत्तर नकारार्थीं असेल तर स्वस्त पर्यायी भाग खुशाल घ्यावा. एकाचेंहि उत्तर होकारार्थीं आलें तर पहिल्या दोन प्रकारांबाहेर, किंवा त्या विशिष्ट कामांत नांवाजलेल्या कारखान्याबाहेर, जाऊं नये.

पहिल्या प्रश्नाचें ठळक उदाहरण म्हणजे ब्रेक. मोटार थांबविणें म्हणजे तिच्या गतीचें उष्णतेंत रूपांतर करणें होय, आणि ती सारी उष्णता तळहाताएवढ्या ब्रेक पॅडना सोसावी लागते. पॅड हा तंतु, धातूंचें चूर्ण, ग्रॅफाइट आणि घर्षण वाढविणारीं द्रव्यें यांचें मिश्रण राळेसारख्या द्रव्यांत बांधून, पोलादी पट्टीवर दाबून चिकटविलेला असतो. प्रमाणाबाहेर तापला म्हणजे हा बांधणारा पदार्थ विघटन पावून त्यांतून वायु निघतो आणि पॅडची पकड सुटूं लागते. पाय पेडलवर जोरानें दाबलेला असतो, परंतु गाडी थांबत नाहीं. हलक्या पॅडची फसवणूक येथेंच आहे. दादरच्या किंवा लक्ष्मी रस्त्याच्या गर्दींत, ताशीं वीस किलोमीटरच्या वेगानें, हलका आणि उत्तम पॅड सारखेच वाटतात. त्यांच्यांतील अंतर खंडाळ्याचा किंवा आंबेनळीचा घाट भरल्या गाडीनें उतरतांना, आठव्या दहाव्या वळणावर कळतें. हलक्या पॅडचा दुसरा दोष असा कीं, चिकटविलेला थर पोलादी पट्टीपासून सुटूं शकतो. आणि तिसरा असा कीं, मिश्रण फार कठीण असेल तर तें ब्रेकची तबकडीच खाऊन टाकतें. चांगले पॅडहि एकाच आंसाच्या दोन्ही चाकांना एकाच वेळीं बदलले पाहिजेत. नाहींतर गाडी एका अंगाला ओढते.

ब्रेकच्या तेलाचेंहि तसेंच आहे. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें व त्यामुळें लवकर उकळूं लागतें. 'डॉट ४' या प्रमाणाचें तेल कोरें असतां निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये. ओलावा शोषल्यानंतर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खालीं येते. उकळलेल्या तेलांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल दाबलें कीं तेलाऐवजीं वाफच दाबली जाते. म्हणून बाटली मूळ मोहोर असलेलीच घ्यावी, आणि फोडून ठेवलेलें उरलेलें तेल स्वस्तांत मिळालें तरी नाकारावें. स्टिअरिंगचे सांधे, सीटचे पट्टे आणि एअरबॅग यांची गणना ब्रेकबरोबरच करावी. २०१२ सालीं अमेरिकेंतील वाहतूक-सुरक्षा खात्यानें नकली एअरबॅगांविषयीं इशारा दिला होता. चांचणींत त्यांपैकीं कांहीं उघडल्याच नाहींत, तर एकींतून धातूचे तुकडे बाहेर फेंकले गेले.

दुसऱ्या प्रश्नाचें उदाहरण म्हणजे एंजिनाच्या तेलाचा फिल्टर. हा दिसावयास एक पत्र्याचा डबा, किंमत थोडी. परंतु त्याच्या पोटांत चुण्या घातलेल्या कागदाखेरीज दोन झडपा असतात. एक झडप एंजिन बंद असतां तेल खालीं उतरून जाऊं देत नाहीं, त्यामुळें सकाळीं गाडी सुरू करतांच वरच्या भागांना तेल मिळतें. दुसरी झडप कागद तुंबला तर तेलाला बाजूनें वाट करून देते. कारण गाळलेलें तेल न मिळण्यापेक्षां न गाळलेलें तेल मिळणें बरें. नकली फिल्टरांत झडप नसते किंवा तिची स्प्रिंग कमजोर असते. परिणाम त्या दिवशीं दिसत नाहीं. रोज सकाळीं कांहीं क्षण एंजिन कोरडें फिरतें, आणि वर्ष-दीड वर्षानें बेअरिंगें वाजूं लागतात. तेव्हां वांचविलेले शंभर दोनशें रुपये कोणाच्या लक्षांतहि राहिलेले नसतात. टायमिंगचा पट्टा, पाण्याचा पंप आणि हवेचा फिल्टर हेहि याच वर्गांतले. पुष्कळ एंजिनांत टायमिंगचा पट्टा तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हांवर आपटून ते वांकतात. हवेचा फिल्टर घरांत नीट बसला नाहीं तर कडेच्या फटींतून धूळ शिरते आणि सिलिंडर कानशीप्रमाणें घासते.

तिसऱ्या प्रश्नाचें उदाहरण क्लच प्लेट. ती बदलण्यासाठीं गिअर-पेटी खालीं उतरवावी लागते. प्लेट हलकी निघाली तर भाग पुन्हां विकत घ्यावा लागतो, मजुरी पुन्हां द्यावी लागते आणि गाडी पुन्हां दोन दिवस गॅरेजांत राहते. अशा ठिकाणीं भागाच्या किंमतींत केलेली काटकसर एकाच चुकीनें वाहून जाते. त्याच न्यायानें, गिअर-पेटी उतरलेलीच आहे तर शेजारचें क्लचचें बेअरिंगहि त्याच वेळीं बदलून घेणें शहाणपणाचें असतें.

आतां दुसरी बाजू. पाणी पुसणारे वायपर, पायाखालचे गालिचे, हॉर्न, केबिनमधील हवेचा फिल्टर, दारांच्या मुठी, चाकांवरील झांकणें, या वस्तूंना वरील तीन प्रश्न लावून पाहावे. वायपर वाईट निघाला तर पहिल्याच पावसांत कळतें, आणि तो दोन मिनिटांत बदलतां येतो. अशा वस्तूंसाठीं कंपनीच्या पेटीची किंमत मोजण्यांत अर्थ नाहीं. टायर आणि बॅटरी यांच्या बाबतींत तर 'ओरिजिनल' या शब्दाला फारसा अर्थच उरत नाहीं. त्या वस्तु मुळांतच आपापल्या कारखान्यांच्या नांवानें विकल्या जातात. तेथें पाहावयाचें तें माप, प्रमाण आणि ताजेपणा. टायरवर आयएसआयची खूण असावी, आणि त्याच्या बाजूवर कोरलेले चार आंकडे वाचावे. '२३२४' असें असेल तर तो २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यांत बनलेला आहे असें समजावें.

मध्यंतरीचा प्रदेश सांगाड्याच्या भागांचा आहे. बंपरचें बाहेरचें प्लॅस्टिकचें कवच पर्यायी असलें तरी चालतें. फार तर कडा नीट जुळणार नाहींत, रंग किंचित् निराळा दिसेल. परंतु त्या कवचामागें आघात सोसणारी धातूची तुळई असते, ती मात्र सौंदर्याची वस्तु नव्हे. समोरच्या काचेकडेहि पुष्कळ लोक केवळ काच म्हणून पाहतात. आधुनिक मोटारींत ती चिकटवून बसविलेली असते, ती छताला बळकटी देते, आणि डावीकडील प्रवाशाची एअरबॅग फुगतांना तिच्यावर रेलते. काचेच्या मागें कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर त्या कॅमेऱ्याची दिशा पुन्हां जुळवून घ्यावी लागते. हेडलाइटच्या हलक्या काचेंतून उजेड भरपूर पडतो, परंतु तो रस्त्यावर पडण्याऐवजीं समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो.

अपघातानंतरच्या दुरुस्तींत विम्याचाहि हिशेब येतो. सामान्य पॉलिसींत बदललेल्या भागाची पूर्ण किंमत मिळत नाहीं. घसारा कापला जातो. रबर, नायलॉन व प्लॅस्टिक यांचे भाग, टायर, बॅटरी व एअरबॅग यांवर ५० टक्के कापले जातात. फायबर ग्लासवर ३० टक्के. काचेवर कांहींच नाहीं. धातूच्या भागांवरील घसारा मोटारीच्या वयाप्रमाणें वाढतो : पहिले सहा महिने शून्य, वर्षापर्यंत ५ टक्के, दुसऱ्या वर्षीं १०, तिसऱ्या वर्षीं १५, चौथ्या वर्षीं २५, पांचव्या वर्षीं ३५, पुढें दहा वर्षांपर्यंत ४० आणि त्यानंतर ५० टक्के. चार वर्षें पुरीं झालेल्या मोटारीचें १०,००० रुपयांचें बोनेट बदललें तर ३,५०० रुपये मालकाचे जातात. तेवढ्याच किंमतीच्या प्लॅस्टिकच्या बंपरला ५,००० जातात. अधिक हप्ता भरून घसारा माफ करून घेण्याची सोय असते, ती घेतली असल्यास गोष्ट निराळी.

यांतून दोन गोष्टी निघतात. मोठा अपघात होऊन विम्याचा दावा करावयाचाच असेल, तर खर्चाचा मोठा वाटा विमा कंपनी उचलीत असते. तेथें अस्सल भागाचा आग्रह धरावा. उलट केवळ बंपरला चीर पडली असेल तर दावा करण्यापूर्वीं विचार करावा. एकहि दावा न करणाऱ्यास पुढील वर्षीं हप्त्यांत २० टक्के सूट मिळूं लागते, ती वाढत वाढत पांच वर्षांनीं ५० टक्क्यांवर जाते. आणि एका दाव्यानें ती नाहींशी होते. अशा वेळीं स्वतःच्या पैशानें चांगला पर्यायी बंपर बसविणें हेंच पुष्कळदां स्वस्त पडतें.

'ओरिजिनल' म्हणजे निर्दोष, अशी समजूतहि बाळगूं नये. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगा जगांतील अनेक नामांकित मोटारींत कारखान्यांतच बसविलेल्या होत्या. त्यांतील अमोनियम नायट्रेट दीर्घकाळ उष्ण व दमट हवेंत राहून बिघडे, आणि स्फोटाच्या वेळीं धातूचें घर फुटून तुकडे प्रवाशांच्या अंगांत घुसत. सुमारें १० कोटि एअरबॅगा परत मागवाव्या लागल्या आणि जून २०१७ मध्यें ती कंपनी दिवाळखोरींत गेली. मात्र येथें एक फरक ध्यानांत घ्यावा. त्या भागांवर नांव होतें, क्रमांक होता, त्यांची नोंद होती. म्हणूनच त्या कोणत्या मोटारींत आहेत हें शोधून त्या फुकट बदलून देतां आल्या. नकली भाग कोणाच्या मोटारींत बसला आहे याची यादी कोठेंच नसते.

तेव्हां खरेदीच्या वेळीं दक्षता कशी बाळगावी? पहिली गोष्ट म्हणजे भाग-क्रमांक. मोटारीच्या १७ अक्षरांकी चॅसिस क्रमांकावरून अधिकृत दुकानदार नेमका भाग-क्रमांक सांगूं शकतो. तो मिळाला म्हणजे त्याच्या आधारानें पुरवठादाराच्या यादींतील जोडीचा क्रमांकहि शोधतां येतो. दुसरी गोष्ट पेटी. वेष्टनबंद मालावर बनविणाऱ्याचें किंवा आयात करणाऱ्याचें नांव-पत्ता, महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठीं संपर्क छापणें कायद्यानें आवश्यक आहे. छपाई फिकट असेल, अक्षरांत चुका असतील, मोहोर उघडून पुन्हां चिकटविलेली दिसेल, तर पेटी परत करावी. पुष्कळ कंपन्या आतां क्यूआर खूण छापतात, ती फोनवर तपासून पाहावी. तिसरी गोष्ट किंमत. प्रसिद्ध नांवाचा माल नेहमींच्या दराच्या निम्म्यानें मिळत असेल, तर सवलतीच्या आनंदापूर्वीं संशय आला पाहिजे. चौथी गोष्ट बिल; त्यावर भागाचें नांव व क्रमांक असावा, नुसतें 'सामान' असें लिहिलेलें बिल उपयोगाचें नाहीं. आणि पांचवी गोष्ट जुना भाग. काढलेला भाग परत देण्याची सूचना मिस्त्रीला काम सुरू होण्यापूर्वींच द्यावी. त्यानें भाग खरोखर बदलला हें कळतें, आणि जुन्या भागावरील कारखान्याचें नांव वाचून पुढील वेळीं तोच माल खुल्या बाजारांत मागतां येतो.

यांत मिस्त्रीवर अविश्वास दाखविण्याचा हेतु नाहीं. दुकानदाराकडून मिस्त्रीला सुटीची रक्कम मिळते, ही उघड प्रथा आहे. आणि प्रामाणिक मिस्त्री तींतूनच आपल्या कमी मजुरीची भरपाई करतो. परंतु ज्या मालावर सूट जास्त तोच माल सुचविण्याचा मोह त्यामुळें होतो, हेंहि नाकारतां येत नाहीं. मजुरी पुरी द्यावी आणि भाग स्वतः आणून द्यावा, किंवा भागाची निवड आपण करून खरेदी त्याच्यावर सोंपवावी, हे दोन सरळ मार्ग आहेत.

मोटार दहा-बारा वर्षांची झाली म्हणजे गणित पुन्हां बदलतें. कंपनीच्या यादींतून भाग गळूं लागतात, आणि जे मिळतात त्यांची किंमत मोटारीच्या उरलेल्या किंमतीशीं विसंगत होते. येथें मुंबईंत कुर्ल्याचा, पुण्यांत नाना पेठेचा आणि दिल्लींत काश्मिरी गेटचा बाजार उपयोगी पडतो. मोडींत निघालेल्या गाडीचें दार, आरसा, सीट किंवा आंतील प्लॅस्टिकचा तुकडा घेण्यास हरकत नाहीं. तो बव्हंशीं मूळ कारखान्याचाच असतो. परंतु ब्रेक, टायर, रबरी पट्टे, सीटचे पट्टे, एअरबॅग आणि स्टिअरिंगचे सांधे हे मात्र वापरलेले कधींहि घेऊं नयेत. त्यांचें आयुष्य किती उरलें आहे हें बाहेरून कोणालाच सांगतां येत नाहीं.

दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क आहे, ही कल्पना भारतांतहि मूळ धरूं लागली आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासंबंधीं माहिती देणारें एक व्यासपीठ सुरू केलें, आणि त्यांत शेतीचीं यंत्रें, घरगुती उपकरणें व टेलिफोन यांच्याबरोबर मोटारींचाहि समावेश केला. परंतु हक्क आणि विवेक हे बरोबरच चालले पाहिजेत. खुला बाजार मिळाला म्हणजे त्यांतून चांगलें काय हें निवडण्याची जबाबदारी मालकावर येते.

तात्पर्य, पुढील वेळीं गॅरेजमधून "ओरिजिनल कीं लोकल?" असा प्रश्न आला, तर एका शब्दांत उत्तर देण्याची घाई करूं नये. "कोणत्या कारखान्याचा आहे? भाग-क्रमांक काय? बिल मिळेल ना? जुना भाग ठेवून द्या," एवढें विचारावें व सांगावें. त्याला दोन मिनिटें जास्त लागतील. वायपर असेल तर त्या दोन मिनिटांनीं कांहीं पैसे वांचतील. ब्रेक असेल तर घाट उतरणाऱ्या गाडींतील माणसें सुखरूप घरीं पोंचतील.